लॉनवरची सहा टेबलं

दौलताबाद रस्त्यावर आमचं गार्डन हॉटेल आहे. मागच्या लॉनवरची सहा टेबलं कुत्रा घेऊन येणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी राखलेली असतात. मे महिन्यातल्या एका शनिवारचा हा दिनक्रम.

सकाळी ६ : जाधववाडीच्या बाजार समितीत कांदा घेतला. आमच्या प्रत्येक ग्रेव्हीचा पाया कांदा-लसूण, आणि कुत्र्याला नेमकं हेच बाधतं. कच्चा असो की शिजलेला, कांदा कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. मनुकेही त्याच्या मूत्रपिंडाला घातक. म्हणून आमच्या भाजीतला घास कुत्र्याला द्यायचा नाही, हा पहिला नियम. त्याच्यासाठी मीठ-मसाल्याशिवाय शिजवलेला भात आणि हाडं काढलेलं उकडलेलं चिकन वेगळं ठेवतो.

सकाळी ८ : मावशींनी लॉनकडेची शहाबादी फरशी धुतली, कोपऱ्यात गोचीड दिसते का पाहिलं. कुत्र्यांची स्टीलची भांडी बाहेरच्या नळावर घासली. प्रत्येकाच्या बुडाला लाल रंगाचा ठिपका आहे. ठिपक्याचं भांडं भटारखान्याचा उंबरा ओलांडत नाही. अन्न शिजतं, साठवलं जातं तिथे पाळीव प्राणी नको, असं अन्नसुरक्षेचे नियमच सांगतात. नियम नसता तरी मी हेच केलं असतं.

सकाळी ११ : वाढपी पोरांची उजळणी घेतली. कुत्र्याला आपण होऊन हात लावायचा नाही. तो खात असताना जवळून जायचं नाही. पट्टा टेबलाच्या आतल्या बाजूला बांधायला सांगायचा. सुरुवातीच्या दिवसांत पट्टा वाटेत आडवा आला आणि गरम डाळीचं भांडं घेऊन आमचा एक पोरगा पडला, त्याचा हात भाजला. तेव्हापासून वाढपाची वाट आणि कुत्र्यांची टेबलं वेगळी केली.

दुपारी १ : सिडकोतून एका ताईंचा फोन आला, "दादा, आम्ही दोनला निघतो, आमचा लॅब्रॅडॉर आहे सोबत." मी म्हटलं, "ताई, तुम्ही या, पण त्याला आत्ता आणू नका. सहानंतर आणा." मराठवाड्यातल्या मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, मुख्यतः धापा टाकूनच तो अंग गार ठेवतो. हाताची पालथी बाजू पाच-सात सेकंद फरशीवर टेकवून पाहा. आपल्याला सोसवत नसेल तर त्याच्या पंजांनाही सोसवणार नाही. उन्हाळ्यात दुपारी ही सहाही टेबलं बंद.

संध्याकाळी ६.३० : त्या ताई आल्या. लसीकरणाचं पुस्तक स्वतःहून पुढे केलं, मी रेबीजच्या लसीची तारीख पाहून घेतली. लॅब्रॅडॉरने ओल्या फरशीवर पोट टेकवलं, मागचे पाय बेडकासारखे पसरले, अर्धं भांडं पाणी संपवलं आणि हनुवटी ताईंच्या चपलेवर ठेवून डोळे मिटले. संध्याकाळभर त्याने आणखी काही मागितलं नाही.

रात्री ८ : सगळं भरलं. एक गृहस्थ हळूच म्हणाले, "साहेब, मुलीला मागे कुत्रा चावलाय, लांबचं टेबल मिळेल?" त्यांना पुढच्या अंगणात बसवलं. पुढचं अंगण पूर्णपणे कुत्र्यांविना असतं. आमच्याकडे नमाजी कुटुंबंही येतात. कपड्याला लाळ लागली तर त्यांना तो धुवावा लागतो. कुणाची भीती, कुणाचा धर्म, यावर वाद घालायचा नसतो, जागा करून द्यायची असते.

रात्री ९.३० : एका टेबलावरच्या काकांचा हात नान-खलियातलं हाड कुत्र्यापुढे टाकायला गेला. आमच्या कॅप्टनने नम्रपणे थांबवलं, "काका, शिजलेल्या हाडाच्या टोकदार कपच्या निघतात, आतडं फाटू शकतं." काकांनी हात मागे घेतला. त्यांना हे ठाऊक नव्हतं, माया मात्र खरी होती.

रात्री ११ : गल्ला मोजला, भांडी पालथी घातली. उरलेल्या कोऱ्या पोळ्या रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी बांधून ठेवल्या. त्या दारात टाकत नाही. भटक्या कुत्र्यांना ठरलेल्या जागीच खायला घालावं, असं सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ ला सांगितलं आहे.

पुण्या-मुंबईत कुत्र्यांना येऊ देणारी कॅफे आता नवी नाहीत. आपल्याकडे कुणी विचारतं, हे कुठलं नवं खूळ? मला ते नवं वाटत नाही. आपल्याच शहराला लागून असलेल्या सातारा गावात खंडोबाचं देऊळ आहे. चंपाषष्ठीला खंडोबाच्या नैवेद्यातला घास कुत्र्याला देणारी घरं आजही आहेत. त्या घासाची जागा मात्र ठरलेली असते: देवापुढचं ताट वेगळं, कुत्र्याचा घास वेगळा. हॉटेलातही तेवढंच पाळायचं आहे.

म्हणून कुत्र्याला घेऊन जेवायला निघालात तर आधी फोन करा. लसीचं पुस्तक, आखूड पट्टा आणि त्याची चटई सोबत घ्या, निघण्यापूर्वी त्याला फिरवून आणा. तो टेबलाखाली, तुमच्या पायाशी असू द्या. शेजारच्या टेबलावरच्या माणसाचं जेवण निवांत झालं, तर पुढच्या वेळी तुमच्या कुत्र्यासाठी दार उघडं राहील.