ज्ञानप्रश्न कसा मांडावा? सादरीकरणाबद्दलचे पाच गैरसमज

आयबी डिप्लोमाच्या ‘थिअरी ऑफ नॉलेज’ या विषयात अनेक वर्षे विद्यार्थ्यांना सादरीकरण करावे लागे. एक ते तीन विद्यार्थी, प्रत्येकाला सुमारे 10 मिनिटे, प्रत्यक्ष घडलेला एक प्रसंग आणि त्यातून निघालेला एक ज्ञानप्रश्न, असे त्याचे स्वरूप होते. 2022च्या परीक्षेपासून त्याची जागा तीन वस्तूंच्या प्रदर्शनाने घेतली आणि त्यासाठीचे 35 प्रश्न आधीच ठरवून दिले गेले. तरीही वर्गातली चर्चा असो की तत्त्वज्ञानाचे कोणतेही सादरीकरण, प्रश्न नीट मांडता येणे हे मूळ कौशल्य आहे. प्रश्न चुकला, तर भरपूर माहिती जमवूनही बोलणे भरकटते.

उदाहरणासाठी एकच प्रसंग घेऊ. 1930मध्ये क्लाइड टॉम्बो यांनी शोधलेला प्लूटो पाऊणशे वर्षे नववा ग्रह मानला गेला. 24 ऑगस्ट 2006 रोजी प्राग येथे आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने ग्रहाची व्याख्या मतदानाने ठरवली आणि प्लूटो ‘बटुग्रह’ झाला.

गैरसमज 1 : विषय अवघड असला की प्रश्न आपोआप ज्ञानप्रश्न होतो.

वस्तुस्थिती : ‘प्लूटो ग्रह का नाही?’ हा खगोलशास्त्राचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर पुस्तकात मिळते. ग्रहाने सूर्याभोवती फिरावे, स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने जवळपास गोल व्हावे आणि आपल्या कक्षेचा परिसर मोकळा केलेला असावा, अशा तीन अटी आहेत. प्लूटो तिसऱ्या अटीत बसत नाही. ज्ञानप्रश्न याच्या एक पायरी वर उभा असतो. तो प्लूटोविषयी नव्हे, प्लूटोविषयीच्या आपल्या ज्ञानाविषयी विचारतो. उदाहरणार्थ, ‘विज्ञानातील वर्गीकरण कितपत शोधलेले असते आणि कितपत ठरवलेले?’ मात्र नुसता ‘कितपत’ घातल्याने काम होत नाही. ‘प्लूटोची कक्षा कितपत लंबवर्तुळाकार आहे?’ हा प्रश्न मोजमापाने सुटतो.

गैरसमज 2 : वादग्रस्त विषय निवडला की चांगला प्रश्न हाती येतो.

वस्तुस्थिती : वादविवाद स्पर्धेचा विषय आणि ज्ञानप्रश्न यांत फरक आहे. ‘फाशीची शिक्षा रद्द करावी का?’ या प्रश्नावर दोन्ही बाजूंनी जोरदार बोलता येईल, पण ती चर्चा धोरणाची होईल. त्याच विषयातून असे विचारता येते : ‘शिक्षेच्या धाकाने गुन्हे टळतात का, हे ठरवताना आकडेवारीवर कितपत विसंबता येते?’ न घडलेला गुन्हा मोजायचा कसा, दोन राज्यांची तुलना करताना बाकीची परिस्थिती सारखी कशी धरायची, अशा अडचणी इथे समोर येतात. पुरावा, कारण आणि खात्री यांचा विचार इथून सुरू होतो.

गैरसमज 3 : प्रश्न जितका व्यापक, तितका तो तत्त्वज्ञानाचा.

वस्तुस्थिती : ‘सत्य म्हणजे काय?’ हा प्रश्न 10 मिनिटांत पेलत नाही. विद्यार्थी मग व्याख्यांची यादी वाचतो आणि वेळ संपतो. प्रश्नाला क्षेत्राची आणि ज्ञानाच्या एखाद्या घटकाची चौकट हवी. ‘शास्त्रज्ञांचे बहुमत हे वैज्ञानिक दाव्याच्या बाजूने कितपत चांगले कारण ठरते?’ हा प्रश्न पुरेसा मोठा आहे आणि हाताळण्याजोगाही आहे. प्रागच्या सभेत संघाच्या हजारो सदस्यांपैकी काही शे सदस्यांनीच मत दिले, या आक्षेपालाही त्यात जागा मिळते.

गैरसमज 4 : प्रश्नात प्रसंगाचे नाव असलेच पाहिजे.

वस्तुस्थिती : प्रसंग प्रश्नाला जन्म देतो, पण प्रश्न प्रसंगात अडकून राहू नये. त्याची कसोटी सोपी आहे : तोच प्रश्न दुसऱ्या क्षेत्रात नेऊन पाहावा. 1973मध्ये अमेरिकन सायकिॲट्रिक असोसिएशनच्या विश्वस्त मंडळाने समलैंगिकतेला मनोविकारांच्या यादीतून वगळले आणि पुढच्या वर्षी सदस्यांच्या मतदानात तो निर्णय कायम राहिला. वर्गीकरणाचा आपला प्रश्न इथेही लागू पडतो, शिवाय अधिक खोल जातो. न्यू होरायझन्स यान जानेवारी 2006मध्ये निघाले तेव्हा प्लूटो ग्रह होता आणि जुलै 2015मध्ये ते त्याच्याजवळून गेले तेव्हा बटुग्रह, पण त्या नावबदलाने प्लूटोमध्ये काहीच बदलले नव्हते. माणसांवरचा ‘रोगी’ हा शिक्का मात्र त्यांचे आयुष्य बदलतो. म्हणजे वर्गीकरणाची जबाबदारी सर्व क्षेत्रांत सारखी नसते. चांगला ज्ञानप्रश्न दुसऱ्या प्रसंगाकडे नेतो आणि तिथून नवे काही शिकवतो.

गैरसमज 5 : प्रश्न खुला आहे, म्हणजे कोणतेही उत्तर चालेल.

वस्तुस्थिती : खुला प्रश्न म्हणजे ज्यावर विचारी माणसांचे सकारण मतभेद होऊ शकतात असा प्रश्न. ‘प्रत्येकाचे मत वेगळे असते’ हा निष्कर्ष नव्हे. आपल्याकडच्या न्यायदर्शनात ही शिस्त फार पूर्वी मांडली गेली आहे. न्यायसूत्रांतील सोळा पदार्थांमध्ये, म्हणजे विचाराच्या विषयांमध्ये, प्रमाण (ज्ञानाचे साधन) आहे, संशय आहे आणि निर्णयही आहे. संशयापासून निघून, पक्ष आणि प्रतिपक्ष दोन्ही तपासून निर्णयापर्यंत पोहोचायचे, अशी ती वाट आहे. ज्ञानाच्या साधनांवरचा वादही तिथे आहे. नैयायिक प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द ही चार प्रमाणे मानतात, तर चार्वाक केवळ प्रत्यक्ष मानतात. ‘स्वतः न तपासता जाणकाराच्या शब्दावर स्वीकारलेली गोष्ट ज्ञान ठरते का?’ हा प्रश्न या वादातून सरळ उचलता येतो. प्लूटो कधीही न पाहिलेल्या आपल्या सर्वांना तो लागू आहे.

सादरीकरणाची तयारी करताना स्लाइड्स बनवण्याआधी आपला प्रश्न कागदावर लिहा आणि चार गोष्टी तपासा. तो ज्ञानाविषयी आहे का? त्यावर सकारण मतभेद शक्य आहेत का? प्रसंगाचे नाव काढले तरी तो उभा राहतो का? दिलेल्या वेळात त्याला उत्तर देता येईल का? एकाही ठिकाणी ‘नाही’ आले, तर प्रश्न पुन्हा लिहा. शिक्षकांनी आणि पालकांनी इथे घाई करू नये, आणि तयार प्रश्न तर मुलांच्या हाती मुळीच देऊ नये. प्रश्न घडवण्यात गेलेला वेळ हाच या अभ्यासाचा सर्वात मोलाचा भाग आहे.