बगदाद, कैरो आणि वेफर्सची पाकिटं

वीकेंडला जायचं कुठे, हा पुण्यातल्या कुठल्याही ऑफिसमधला शुक्रवारचा यक्षप्रश्न. लोणावळ्यात गर्दी, महाबळेश्वर बजेटबाहेर. म्हणून यावेळी आमच्या ग्रुपपुढे मी नगरचा ऑप्शन ठेवला. जेमतेम १२० किलोमीटर, आणि इतिहास म्हणाल तर पोतंभर!

नगर, म्हणजे २०२४ पासूनचं अहिल्यानगर. १४९० साली मलिक अहमदने निजामशाहीची मुहूर्तमेढ रोवली आणि त्याच्याच नावाने हे शहर वसलं. एकेकाळी त्याची तुलना बगदाद आणि कैरोशी व्हायची, असं सांगतात. इथल्याच भुईकोट किल्ल्यात १९४२ ते ४५ या कैदेत पंडित नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिलं. एवढा बायोडेटा वाचल्यावर अपेक्षा वाढणारच ना?

आणि मग शहरात शिरलो. हॉर्न, रस्त्यात आडव्या उभ्या रिक्षा, कोपऱ्याकोपऱ्यावर प्लॅस्टिकचे ढीग, त्यात तोंड घालणाऱ्या गायी. म्हटलं ठीक आहे, डोंगरावर तरी बरं असेल. शाह डोंगरावरची ती देखणी, अष्टकोनी, तीन मजली वास्तू म्हणजे ‘चांदबीबी महाल’. खरं तर ती सरदार सलाबतखानाची कबर. चांदबीबीचा तिच्याशी काही संबंध नाही. वरून दिसणारा नजारा एकदम झक्कास! पण कमानीत बसायला गेलो तर खाली वेफर्सची पाकिटं, थर्माकोलच्या डिश, फुटक्या बाटल्या. भिंतीवर बदाम आणि बाण. मूडच गेला.

‘या लोकांना सिव्हिक सेन्सच नाही,’ असं आमच्यातला एक जण म्हणाला. ते ऐकून खालच्या टपरीवरच्या चहावाल्या मावशी हसल्या. ‘दादा, आम्ही नगरवाले कवातरी वर जातो. रविवारी गाड्या तर पुण्याच्याच लागत्यात.’

चहा एकदम कडू लागला.

पण गंमत पुढेच होती. त्याच शहरात लष्कराचं रणगाडा संग्रहालय आहे, १९९४ साली सुरू झालेलं. तिथे कागदाचा कपटा दिसला नाही. बाहेर रस्त्यावर बाटली भिरकावणारा माणूस आत आल्यावर तीच बाटली हातात धरून डस्टबिन शोधत होता! म्हणजे सवय बदलायला पिढ्या लागतात वगैरे सगळं झूट. गेट ओलांडेपर्यंतचा वेळ पुरतो. फक्त ‘ही जागा कुणाची तरी आहे’ हे कळायला हवं.

युनिफॉर्मचा धाक हवाच, असंही नाही बरं का. शहरापासून तासाभराच्या आत हिवरे बाजार आहे. दुष्काळाने आणि दारूने पोखरलेलं हे गाव. १९८९ साली पोपटराव पवार तरुण वयात सरपंच झाले. मग श्रमदान, झाडं तोडायला बंदी, मोकाट चराईला बंदी, पाण्याचा दरवर्षी ताळेबंद. नियम गावानेच ठरवले, गावानेच पाळले. पवारांना २०२० सालची पद्मश्री मिळाली, पण खरी कमाई तिथल्या गल्ल्यांतून चालताना दिसते.

ओला-सुका कचरा वेगळा करा, हे २०१६ च्या नियमांनी सांगून झालं. राज्यात प्लॅस्टिकबंदी २०१८ ला आली. कायद्यांची उणीव नाही. उणीव आहे ती आपलेपणाची. आपल्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये आपण पाकीट टाकत नाही, कारण ती ‘आपली’. महाल मात्र ‘सरकारचा’, आणि डोंगर कुणाचाच नाही!

तेव्हा नगरला जरूर जा. किल्ला पाहा, रणगाडे पाहा, महालावरून सूर्यास्तही पाहा. फक्त सॅकमध्ये एक रिकामी पिशवी टाका. जाताना भरून नेलेले खाऊचे पुडे येताना रिकामे असतात, म्हणजे वजनाचंही निमित्त नाही. आणि ग्रुपमधल्या कुणी पाकीट टाकलंच, तर ‘जाऊ दे ना यार’ म्हणू नका. टोका. मैत्री तुटत नाही. चारशे वर्षं टिकलेली कमान मात्र अशाने सुटते.