बुद्धिबळ-कार्यक्रमांतील स्मृतिव्यवस्थापन
बुद्धिबळ खेळणाऱ्या संगणक-कार्यक्रमास पटावरील स्थिती, तपासलेल्या खेळ्यांचे निष्कर्ष व पूर्वसिद्ध कोष्टके मर्यादित स्मृतीत साठवावी लागतात. या जागेची वाटणी करणे आणि तीतील कोणती माहिती राखावयाची व कोणती पुसावयाची हे ठरविणे म्हणजे स्मृतिव्यवस्थापन होय. अमेरिकन गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९५० मध्ये संभाव्य डावांची संख्या सु. १ वर १२० शून्ये इतकी अंदाजिली. इतके डाव साठविणे कोणत्याही यंत्रास अशक्य असल्याने काय विसरावयाचे हा प्रश्न येथे मूलभूत ठरतो.

पटाची मांडणी : प्रारंभीच्या यंत्रांत स्मृती व वेग यांच्या मर्यादांमुळे खेळच लहान करावा लागला. लॉस ॲलमॉस येथील मॅनिॲक-१ या संगणकावरील १९५६ च्या कार्यक्रमात ६ × ६ घरांचा पट होता व उंट वगळले होते. सिंक्लेअर झेडएक्स ८१ या संगणकाच्या १ किलोबाइट स्मृतीसाठी डेव्हिड हॉर्न यांनी लिहिलेला कार्यक्रम (१९८२-८३) ६७२ बाइटांत बसला. त्यात किल्लेकोटाचा नियम नव्हता. पुढे ६४ घरांसाठी ६४ बिटांची एक संख्या वापरण्याची पद्धत रूढ झाली. मोहरे असलेल्या घरासाठी १ व इतर घरांसाठी ० मांडल्यास दोन्ही बाजूंच्या मिळून १२ प्रकारांना ९६ बाइट पुरतात.

स्थितिकोष्टक : स्मृतीचा सर्वांत मोठा वाटा यास लागतो. पांढऱ्याने आधी राजाकडील व नंतर वजिराकडील घोडा काढला काय किंवा याच्या उलट केले काय, काळ्याची उत्तरे तीच असल्यास स्थिती एकच होते. तिचा निष्कर्ष साठविल्यास पुन्हा शोध घ्यावा लागत नाही. मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे रिचर्ड ग्रीनब्लॅट यांच्या मॅक हॅक या कार्यक्रमात (१९६७) असे कोष्टक होते. नोंदीची जागा चटकन सापडावी म्हणून ॲल्बर्ट झोब्रिस्ट यांनी १९७० मध्ये एक युक्ती मांडली. १२ प्रकारची मोहरी व ६४ घरे यांच्या ७६८ जोड्यांना यदृच्छ संख्या देतात व पटावर असलेल्या जोड्यांच्या संख्या एकत्र करून स्थितीची खूण बनवितात. खेळी झाल्यावर जुन्या घराची संख्या काढून नव्या घराची घातली की पुरते. संपूर्ण पट पुन्हा वाचावा लागत नाही.

कोष्टक लवकरच भरते. नव्या नोंदीस जागा देताना उथळ शोधाची किंवा आधीच्या खेळीच्या वेळची नोंद प्रथम पुसतात. कारण खोल शोधाचा निष्कर्ष पुन्हा मिळविण्यास अधिक वेळ लागतो. स्टॉकफिश या कार्यक्रमात १० बाइटांच्या तीन नोंदींचा गट ३२ बाइटांत बसवितात. १ गिगाबाइटात सु. १० कोटी नोंदी मावतात. जागा वाचविण्यासाठी नोंदीत खुणेचे १६ बिटच ठेवतात. त्यामुळे क्वचित दोन भिन्न स्थिती एकच भासतात. म्हणून साठविलेली खेळी नियमास धरून आहे की नाही हे तपासूनच वापरतात.

वाटप : कोष्टक जितके मोठे तितके चांगले, हा समज अपुरा आहे. प्रत्यक्ष स्मृतीपेक्षा अधिक जागा मागितल्यास संगणक काही भाग तबकडीवर हलवितो. कोष्टकातील नोंदी विखुरलेल्या असल्याने वारंवार तबकडीकडे जावे लागते व शोध अत्यंत मंदावतो. म्हणून संगणकाच्या इतर कामांपुरती स्मृती मोकळी ठेवूनच कोष्टकाचा आकार ठरवितात. स्मृतीची ४ किलोबाइटांऐवजी २ मेगाबाइटांची पृष्ठे वापरल्यास पत्ता शोधण्याचा वेळ वाचतो.

अंतिम अवस्थेची कोष्टके : पटावर मोजकी मोहरी उरली असता अचूक निर्णय आधीच काढून ठेवतात. सिझिजी या संचात राजे व प्यादी धरून सहापर्यंत मोहऱ्यांच्या कोष्टकांस सु. १५० गिगाबाइट, तर सात मोहऱ्यांच्या कोष्टकांस सु. १७ टेराबाइट जागा लागते. ही कोष्टके साठवणीच्या साधनावर ठेवून लागेल तेवढाच भाग स्मृतीत आणतात. अशा स्थितीत शोधाची जागा संपूर्णपणे स्मरण घेते. परंतु एका मोहऱ्याच्या वाढीने जागेची गरज शंभरपटीहून अधिक होत असल्याने सबंध खेळ या मार्गाने सोडविणे शक्य झालेले नाही.