शोभेचे फवारा-रंग : निवड आणि उपयोग

दसऱ्यापासून दिवाळीपर्यंतच्या दिवसांत घरोघर जी झाडलोट आणि रंगरंगोटी चालते, तींत अलीकडे एका नव्या साहित्याची भर पडली आहे. रंगाच्या दुकानांत फळीवर ओळीनें मांडलेले, वीतभर उंचीचे, रंगीत टोपणांचे पत्र्याचे डबे आमच्या वाचकांनीं पाहिले असतीलच. बाजारांत यांस स्प्रे-पेंट म्हणतात. यांतील साधे तांबडे, निळे, काळे रंग आतां सर्वांच्या परिचयाचे झाले आहेत. परंतु सोनें, आरसा, पाषाण, ठोकलेलें लोखंड किंवा तडे गेलेली जुनी भिंत यांचा आभास उत्पन्न करणारे जे विशेष रंग निघाले आहेत, त्यांविषयीं घरोघर उत्साह पुष्कळ आणि माहिती थोडी, अशी स्थिति आहे. तरुण मंडळी डबा आणतात, वडील मंडळी वासानें त्रासतात आणि मधल्यामध्यें एखाद्या चांगल्या वस्तूचा नाश होतो. तेव्हां हे रंग कसे निवडावे, कोणत्या वस्तूस लावावे आणि कोणत्या वस्तूस कदापि लावूं नयेत, याचा थोडा विचार करूं.

प्रथम डब्यांत असतें काय, तें पाहिलें पाहिजे. कोंडलेल्या वायूच्या जोरावर द्रव पदार्थ फवारण्याची युक्ति नॉर्वे देशांतील एरिक रोथेम या गृहस्थानें १९२० नंतरच्या दशकांत काढिली. तिचा रंगाकडे उपयोग अमेरिकेंतील इलिनॉय राज्यांत, सिकमोर या गांवीं, एडवर्ड सेमूर नांवाच्या रंगाच्या व्यापाऱ्यानें १९४९ सालीं केला. थंडींत घर उबदार ठेवण्याकरितां तिकडे लोखंडी नळ्यांचीं यंत्रें बसवितात. त्यांस लावावयाचा ॲल्युमिनियमचा रंग गिऱ्हाइकांस सहज दाखवितां यावा, या विवंचनेंत तो होता, आणि फवाऱ्याची कल्पना त्याच्या पत्नीनें सुचविली, असें सांगतात. म्हणजे डब्यांतून बाहेर पडलेला पहिलाच रंग धातूची चमक दाखविणारा होता, हें आमच्या विषयाच्या दृष्टीनें लक्षांत घेण्यासारखें आहे.

पुढें पुष्कळ वर्षें फवाऱ्याच्या डब्यांत क्लोरोफ्लुओरोकार्बन जातीचे वायु भरीत असत. त्यांच्यापासून पृथ्वीभोंवतींच्या ओझोनच्या कवचास धोका आहे, असें मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनीं १९७४ सालीं दाखवून दिलें. १९८७ सालीं माँट्रियल येथें राष्ट्राराष्ट्रांत करार झाला आणि ते वायु क्रमाक्रमानें बंद पडले. आज त्यांच्या जागीं बहुधा प्रोपेन, ब्यूटेन किंवा डायमिथिल ईथर असतो. पैकीं पहिले दोन म्हणजे आपल्या स्वयंपाकघरांतील सिलिंडरांत भरलेलेच वायु होत. ही एक गोष्ट घरांतील सर्वांच्या मनावर ठसली, तर निम्म्याहून अधिक सावधगिरी आपोआप घेतली जाईल. ज्या सूनबाई गॅसचा किंचित् वास येतांच खिडक्या उघडतात, त्याच देवघरांत निरांजन तेवत असतां शेजारच्या खोलींत मुलांस खुशाल रंग फवारूं देतात, याचें आम्हांस नवल वाटतें. हे वायु आणि रंगांतील ॲसिटोन, टोल्युईन, झायलीन यांसारख्या द्रावकांच्या वाफा हवेपेक्षां जड असतात. त्या वर न जातां जमिनीवर पसरतात. आणि जमिनीवर रांगतें मूल असतें, पाटाशेजारीं समई असते. म्हणून हें काम माजघरांत, न्हाणीघरांत किंवा बंद खोलींत करूं नये. गच्ची, अंगण किंवा मोकळा सज्जा पाहावा. गर्भवती स्त्रियांनीं, लहान मुलांनीं आणि दम्याचा विकार असणारांनीं तेथें थांबूं नये. २०२० सालच्या सांथीपासून घरांत उरलेल्या कापडी मुखपट्ट्या यासाठीं पुरेशा समजूं नयेत. रंगाचे कण त्यांनीं कांहीं अंशीं अडतील, पण द्रावकाची वाफ अडत नाहीं. तिच्यासाठीं कोळशाच्या पुडीचा मुखवटा मिळतो, तो घ्यावा.

आतां निवड. वेदान्तांत भ्रमाचें जें प्रसिद्ध उदाहरण देतात, तें शिंपल्यावर भासणाऱ्या रुप्याचें. हे रंग म्हणजे विकत मिळणारें शुक्तिरजतच होय! त्यांत गैर कांहीं नाहीं. बेगडीनें मखर सजविण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. मात्र बेगड कागदावर लावीत, सोन्यावर नव्हे. ज्या वस्तूस स्वतःचें तेज आहे तिला आभासाचें तेज चढवूं नये, ही आमच्या मतें निवडीची पहिली कसोटी आहे.

हें सांगण्याचें कारण असें. आमच्या परिचयाच्या एका मोठ्या कुटुंबांत लग्नप्रसंगीं जुन्या पितळी समया काळवंडलेल्या दिसल्या, म्हणून त्यांवर सोनेरी रंग फवारला. त्या समया घरांतील आजेसासूबाईंच्या माहेरून आलेल्या होत्या. पहिल्या दिवशीं त्या झगमगल्या. वाती पेटल्यावर वरची तबकडी तापली, तेलाचा ओघळ खालीं आला, रंगास फोड आले आणि देवापुढें जळक्या रंगाची दुर्गंधि सुटली. नंतर तो रंग काढावयास थिनर आणि तारेचा घासणा वापरावा लागला, त्यांत दांड्यावरचें बारीक नक्षीकाम झिजलें. चिंच आणि राख यांनीं जें काम अर्ध्या तासांत झालें असतें, त्याच्या पायीं तीन पिढ्यांची वस्तु विद्रूप झाली. समई, निरांजन, तांब्याचे तांबे, जुने जर्मन सिल्व्हरचे डबे, शिसवी लांकडाचें सामान यांच्या वाटेस या रंगांनीं जाऊं नये. खाण्यापिण्याच्या भांड्यांस आंतून बाहेरून कोणताही शोभेचा रंग लावूं नये. पाळणा आणि लहान मुलांचीं चोखावयाचीं खेळणीं यांसही नको.

धातूच्या रंगांचें खरें स्वरूप समजून घेतलें म्हणजे अपेक्षाही माफक राहते. सोनेरी रंगांत सोनें नसतें. तांबें आणि जस्त यांच्या मिश्रधातूची पूड असते, किंवा अभ्रकाच्या सूक्ष्म पापुद्र्यांवर चढविलेली छटा असते. धातूच्या पुडीचा रंग हवेनें कालांतरानें काळपट पडतो. चंदेरी रंगांत ॲल्युमिनियमचे पापुद्रे असतात. ते ओल्या रंगाच्या पृष्ठभागावर तरंगून सपाट पडले म्हणजे चमक येते. आरशासारखी चमक देणारा जो 'क्रोम' रंग विकतात, तो सर्वांत मोहक आणि सर्वांत नाजूक. त्याच्याखालीं गुळगुळीत, चकचकीत काळा थर असावा लागतो. खालीं खडबडीतपणा राहिला तर आरशाऐवजीं राखाडी पत्रा दिसतो. शिवाय हात लागला कीं तो बोटांस येतो, आणि संरक्षणासाठीं वर वार्निश फवारलें तर तेज मंदावतें. तेव्हां दाराची कडी, खुर्चीचा हात अशा सदा हाताळल्या जाणाऱ्या जागीं तो व्यर्थ होय. उंच टांगलेला आकाशकंदील, तसबिरीची चौकट, कोणी न हाताळणारी फुलदाणी यांस तो शोभतो. आकाशकंदिलांत मात्र तापणारा दिवा नको.

लावण्याची रीत सर्व जातींस बहुतेक एकच आहे. वस्तु साबणाच्या पाण्यानें धुऊन पूर्ण वाळवावी. स्वयंपाकघरांतील वस्तु असेल तर तिच्यावर डोळ्यांस न दिसणारा तेलकट थर असतोच. तो न निघाल्यास रंग पोपडे धरतो. नंतर बारीक पॉलिश पेपरनें घासावी आणि लोखंड असल्यास प्रायमरचा हात द्यावा. जुन्या गजांवरील रंग घासतांना विशेष जपावें. घरगुती रंगांतील शिशाचें प्रमाण दशलक्षांत ९० भागांहून अधिक नसावें, असा नियम आपल्या देशांत २०१६ सालीं झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलांत आला. त्यापूर्वींच्या रंगांत शिसें असण्याचा संभव आहे. असा रंग कोरडा घासूं नये, पाणी लावून घासावा आणि निघालेला गाळ पुसून टाकून द्यावा.

डबा हालविला असतां आंत खडखडणारी गोळी असते. ती तळाशीं बसलेला रंग ढवळण्यासाठीं आहे. ती मोकळी वाजूं लागल्यानंतर आणखी एक-दोन मिनिटें डबा हालवावा. येथें घाई केली तर आधीं नुसतें द्रावक आणि शेवटीं गुठळ्या बाहेर पडतात. तोंड वस्तूपासून २५ ते ३० सेंटिमीटर, म्हणजे वीतभराहून थोडें अधिक, दूर ठेवावें. फवारा वस्तूच्या बाहेर सुरू करून हात सारख्या गतीनें न्यावा आणि वस्तूच्या पलीकडे थांबवावा. एका जागीं हात रेंगाळला कीं ओघळ आलाच. एक जाड थर देण्यापेक्षां तीन पातळ थर द्यावे. दोन थरांमध्यें किती वेळ जावा, तें डब्यावर लिहिलेलें असतें आणि तें वाचणें ही केवळ औपचारिक गोष्ट नव्हे. पुष्कळ रंगांत दुसरा हात तासाभराच्या आंत तरी द्यावा, नाहींतर पुरा एक-दोन दिवस वाळल्यावर द्यावा, असें असतें. मधल्या काळांत दिल्यास नवें द्रावक अर्धवट वाळलेल्या थरांत शिरून त्यास सुरकुत्या पाडतें. पावसाळ्यांत, विशेषतः कोंकणांत, आणखी एक विघ्न येतें. द्रावक उडून जातांना पृष्ठभाग थंड होतो, हवेंतील दमटपणा त्यावर उतरतो आणि चकचकीत रंगावर पांढुरकी झांक येते. श्रावण-भाद्रपदांत हें काम करणें झाल्यास कोरडा, ऊन पडलेला दिवस धरावा. मात्र वस्तु प्रत्यक्ष उन्हांत ठेवूं नये. काम झाल्यावर डबा उलटा धरून नुसता वायु येईपर्यंत एक-दोनदां दाबावा म्हणजे तोटी तुंबत नाहीं.

गणेशोत्सवाच्या मखरासाठीं थर्मोकोलवर सोनेरी फवारा मारून पाहणारांस तो चमत्कार ठाऊक आहेच : कोरीव खांब डोळ्यांदेखत खचतो आणि त्यास देवी आल्यासारखे खड्डे पडतात. ॲसिटोन आणि टोल्युईन हीं द्रावकें थर्मोकोल विरघळवितात. शिवाय महाराष्ट्रांत अशा शोभेच्या थर्मोकोलावर २०१८ सालापासून बंदी आहे, तेव्हां पुठ्ठा, बांबू आणि लांकूड हींच बरीं. त्यांवर हे रंग उत्तम बसतात. मूर्तीस मात्र फवारा नको. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० सालच्या सूचनांत विसर्जनाच्या मूर्तीवर विषारी रासायनिक रंग वापरण्यास मनाई आहे. शाडूच्या मूर्तीस गेरू आणि हळद शोभत नाहीं, असें कोणी म्हणावें?

राहिलेल्या जातींपैकीं 'हॅमर' रंग आम्हांस सर्वांत उपयोगी वाटतो. घणाचे ठोके पडल्यासारखा त्याचा पृष्ठभाग उमटतो, आणि खालचें पोंचे आलेलें, गंज घासून खडबडीत झालेलें लोखंड झांकून जातें. जुनी ट्रंक, अंगणाचें फाटक, शिवणयंत्राचे पाय यांस तो द्यावा. हा तेवढा किंचित् जाड, ओला फवारावा लागतो. म्हणून वस्तु शक्य तर आडवी ठेवावी. पाषाणाचा रंग कुंड्यांस साजतो, पण त्याच्या खरबरीत अंगांत धूळ बसते आणि ती पुसतां येत नाहीं. बाहेर ठेवावयाच्या कुंडीस वरून वार्निशचा हात हवा. पाण्याच्या माठास तो लावूं नये : माठ गार राहतो तो अंगांतून झिरपणारें पाणी वाळून उडतें म्हणून, छिद्रें बुजलीं कीं पाणी कोमट होतें. तड्यांचा रंग दोन डब्यांचा असतो. खालचा वाळल्यावर वरचा एकदांच फवारावा. वैशाखांत तळ्याचा तळ भेगाळतो तसा तो आकसून फुटतो. थर जाड असेल तर भेगा मोठ्या, पातळ असेल तर बारीक. भेगा पडूं लागल्यावर पुन्हां फवारा मारणें म्हणजे सर्व बिघडविणें होय. न्हाणीघराच्या कांचेस धुरकट करणारा रंग आंतल्या बाजूनें द्यावा. मात्र रात्रीं आंत दिवा असतां सावल्या दिसतात, तेव्हां पडदा काढून टाकूं नये. आरशाचा रंग नेहमीं कांचेच्या पाठीमागून मारावयाचा असतो. अंधारांत चमकणाऱ्या रंगाखालीं पांढरा थर द्यावा आणि दिवसा त्यावर उजेड पडूं द्यावा. जिन्याच्या पायऱ्यांच्या कडेस त्याची रेघ ओढली, तर दिवे गेले असतां वृद्धांस पायरी कळते.

डबे माळ्यावर पत्र्याखालीं किंवा उन्हांतल्या मोटारींत ठेवूं नयेत. ५० अंश सेल्सिअसच्या वर ते फुटण्याचें भय असतें. रिकामा डबाही भोंसकूं नये, आणि बंबांत, शेकोटींत किंवा होळींत टाकूं नये.

शेवटीं फळ्याचा रंग. याविषयीं आमचा पक्षपात वाचक समजून घेतील. जुन्या कपाटाच्या दारास किंवा घासून सपाट केलेल्या फळीस याचे तीन पातळ हात दिले, कीं घरांतील मुलांस पाढे लिहावयास फळा तयार होतो. रंग पूर्ण वाळून कठीण होईपर्यंत, डब्यावर लिहिलेला वेळ, त्यास खडू लावूं नये. नंतर खडू आडवा धरून सगळा फळा एकदां पांढरा करावा आणि कोरड्या फडक्यानें पुसावा. असें न करतां लिहिलेलीं पहिलीं अक्षरें फळ्यावर कायमचीं उमटून राहतात.