'इन्फ्लेमेबल' म्हणजे पेट न घेणारं? अर्थ नेमका उलटा आहे!

पेट्रोलच्या टँकरवर 'हायली इन्फ्लेमेबल' असं लिहिलेलं तुम्ही पाहिलंच असेल. सुरुवातीचा 'इन' बघून अनेकांना हा नकार वाटतो. 'व्हिजिबल'चं 'इनव्हिजिबल' होतं, 'कम्प्लीट'चं 'इनकम्प्लीट', मग 'इन्फ्लेमेबल' म्हणजे आग न लागणारं असणार! तर्क बिनचूक, पण अर्थ साफ चुकीचा. 'फ्लेमेबल' आणि 'इन्फ्लेमेबल' दोन्हींचा अर्थ एकच, चटकन पेट घेणारं. मराठीत ज्वलनशील.

हा सगळा घोळ लॅटिनचा. तिथे 'इन' दोन आहेत. एक नकाराचा, दुसरा 'आत' या अर्थाचा. पेटवणे या अर्थाच्या 'इन्फ्लामारे' या लॅटिन क्रियापदात हा दुसरा 'इन' आहे आणि 'इन्फ्लेमेबल' तिथूनच आला. अंगावर सूज येऊन आग होते तेव्हा डॉक्टर 'इन्फ्लमेशन' म्हणतात, तो शब्दही याच घरातला. (मराठी 'ज्वलनशील'मध्ये अशी भानगडच नाही, हे बरंय.)

व्याकरणाच्या पेपरात ही चूक एका मार्काची, गोदामात मात्र जिवावर बेतणारी. म्हणूनच 1920च्या दशकात अमेरिकेतल्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनने 'इन्फ्लेमेबल'ऐवजी 'फ्लेमेबल' वापरा, असा आग्रह धरला. त्याच काळात बेंजामिन ली व्होर्फ हा भाषातज्ज्ञ पोटापाण्यासाठी एका आगविमा कंपनीत काम करायचा. त्याच्या लक्षात आलं की पेट्रोलच्या भरलेल्या पिंपांजवळ लोक जपून वागतात, पण 'रिकाम्या' पिंपांजवळ बिनधास्त सिगारेट ओढतात. खरं तर रिकाम्या पिंपात पेट्रोलची वाफ उरते आणि तीच जास्त धोक्याची.

आपल्याकडे आजही दोन्ही शब्द दिसतात. सॅनिटायझर, डिओड्रंट, नेलपॉलिश रिमूव्हर यांच्या लेबलवर यातला कुठलाही शब्द असला तरी वस्तू गॅसच्या शेगडीपासून आणि उन्हात तापलेल्या गाडीपासून लांबच ठेवा. पेट न घेणाऱ्या वस्तूसाठी इंग्रजीत 'नॉन-फ्लेमेबल' हा वेगळा शब्द आहे.

शब्दांचा गोंधळ होतच असेल, तर चित्र बघा. टँकरवर टोकावर उभ्या लाल चौकोनात ज्वाळा आणि खाली 3 हा आकडा असेल, तर आत ज्वलनशील द्रव आहे. ज्वाळेखाली 2 असेल, तर ज्वलनशील वायू.