रेडिएशन संपलं, पण घास जात नाहीये: जोडीदाराने नेमकं काय करायचं?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, किंवा जे आत्ता दवाखान्याच्या रांगेत बसलेत आणि इअरफोन घरीच राहिलाय, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा मजकूर. बोलताना झालेले अडखळे काढलेत, बाकी जवळपास तसाच ठेवलाय.

एक घर डोळ्यांसमोर आणा. नवरा पस्तिशीचा, बायको तिशीची. त्याला गालाच्या आतल्या बाजूचा कॅन्सर. आधी ऑपरेशन, मग रेडिएशन. आठवड्यातले पाच दिवस, सहा-साडेसहा आठवडे, चेहऱ्यावर तो जाळीचा घट्ट मास्क. शेवटच्या दिवशी घरच्यांनी पेढे वाटले. ज्याच्यासाठी वाटले त्याला मात्र पेढा तोंडात धरवेना. पुढच्या आठवड्यात तर पाण्याचा घोटही जड झाला. बायको वाटी घेऊन उभी, "दोन चमचे तरी खा ना." तो मान फिरवतो. ती स्वयंपाकघरात जाऊन रडते. तो आतून ऐकतो आणि अजूनच गप्प होतो.

हे घर काल्पनिक आहे, पण आपल्याकडे अशी घरं कमी नाहीत. गुटखा, मावा, खर्रा, सुपारी, मिश्री यांमुळे तोंडाचा कॅन्सर आपल्याकडे खूप आहे. महाराष्ट्रात 2012 पासून गुटखाबंदी असली तरी पुड्या मिळतातच, हे तुम्हालाही माहितीये. त्यामुळे अगदी तरुण जोडपीही यातून जातात. आजचा भाग त्यातल्या "वाटी घेऊन उभ्या" असलेल्या माणसासाठी. बायको असो की नवरा.

सगळं सार आधीच सांगून टाकते: जोडीदार खात नाहीये म्हणजे तो हट्ट करतोय असं धरून चालू नका. घास अडण्यामागे कारण असतं, बहुतेक वेळा एकाहून जास्त. ते कारण शोधलंत तर भांडण थांबतं आणि पोटात चार घास जास्त जातात.

शेवटचा शेक म्हणजे त्रासाचा शेवट नाही

रेडिएशनला आपल्याकडे बरेच जण "शेक" म्हणतात. या शेकांचा परिणाम साचत जातो. साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तोंड येतं, म्हणजे आतली त्वचा लाल होते, सोलवटते, फोड येतात. आणि महत्त्वाची गोष्ट अशी की उपचार संपल्यावरही एक-दोन आठवडे हा त्रास वाढू शकतो. मशीन बंद झालं तरी त्याचा परिणाम आत चालूच असतो.

म्हणून "आता तर संपलं, आता का खात नाहीस?" हा प्रश्न अन्यायाचा आहे. तोंडाची आग कमी व्हायला पुढे काही आठवडे लागतात, सोबत किमो झाली असेल तर आणखी. चव परतायला काही महिने, कधी वर्षभर. लाळ सगळ्यात हट्टी. ती वर्ष-दोन वर्षांत थोडी सुधारते, काहींची पूर्ण परत येतच नाही. हे कॅलेंडर दोघांनाही माहीत असेल तर निम्मी चिडचिड कमी होते.

"खा ना" म्हणण्याआधी काय विचारायचं?

पहिलं: दुखतंय का? दुखत असेल तर कितीही चविष्ट खिचडी केलीत तरी ती जाणार नाही. डॉक्टरांनी दिलेलं दुखण्याचं औषध जेवणाआधी साधारण अर्धा तास घेतलं तर खाण्याची वेळ सुसह्य होते. "गोळ्यांची सवय लागेल" म्हणून गोळी लपवून ठेवू नका. औषध पुरत नसेल तर तसं डॉक्टरांना सांगा. जोरदार वेदनाशामकांनी पोट साफ होत नाही आणि पोट जड असलं की भूक मरते, तेही सांगा. त्यावर औषध असतं.

दुसरं: तोंड कोरडं आहे का, की चिकट लाळ घशात अडकतेय? एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक छोटा चमचा मीठ आणि एक छोटा चमचा खाण्याचा सोडा. दिवसभर दर दोन-तीन तासांनी, आणि जेवणाआधी तर नक्कीच, याने चुळा भरायच्या. गिळायचं नाही. रोज ताजं करायचं. जाहिरातीतला झोंबणारा माउथवॉश नको, अल्कोहोलमुळे तोंड अजून कोरडं पडतं.

तिसरं: चव कशी लागतेय? कुणाला सगळं पुठ्ठ्यासारखं लागतं, कुणाला लोखंडासारखं. धातूची चव येत असेल तर स्टीलऐवजी प्लॅस्टिकचा किंवा लाकडी चमचा देऊन बघा. फोडणीच्या वासाने मळमळत असेल तर अन्न कोमट किंवा गार द्या, गार अन्नाला वास कमी येतो. काल आवडलेलं आज नकोसं होणं हेही यातलंच. तुमच्या हाताची चव गेलेली नाही, त्याच्या जिभेची गेलीये.

चौथं: तोंड किती उघडतंय? त्याचीच तीन बोटं, उभी एकावर एक धरून, पुढच्या दातांमध्ये मावतात का ते बघा. मावत नसतील तर जबडा आखडतोय. सुपारी-गुटख्यामुळे तोंड आधीच कमी उघडत असेल तर रेडिएशनने ते आणखी घट्ट होतं. मग चमचाच आत जात नाही, तर खाणार कसं? यावर व्यायाम असतात आणि ते लवकर सुरू केले तर जास्त उपयोगी पडतात.

पाचवं आणि सगळ्यात गंभीर: गिळताना ठसका लागतो का? त्याकडे आपण पुढे येऊ.

वाटीभर पेज का पुरत नाही?

आजारी माणूस म्हटलं की आपण काय करतो? पातळ पेज, वरणाचं पाणी, शहाळं. पाहुणेसुद्धा शहाळंच घेऊन येतात. त्याने पाणी मिळतं, पण जखम भरायला लागणारी ताकद त्यात नसते.

साधा हिशोब करू. या काळात शरीराला वजनाच्या दर किलोमागे सुमारे 30 कॅलरी आणि 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रथिनं लागतात. म्हणजे 60 किलोच्या माणसाला दिवसाला अंदाजे 1800 कॅलरी आणि 72 ते 90 ग्रॅम प्रथिनं. मूत्रपिंडाचा आजार किंवा मधुमेह असेल तर हा आकडा आहारतज्ज्ञाकडूनच ठरवून घ्या. पण तोंड आलेला माणूस वाटीभरच खाणार असेल, तर त्याच वाटीत जास्त काहीतरी गेलं पाहिजे.

कसं? मऊ भात किंवा मुगाची खिचडी मिक्सरमधून फिरवा आणि वर साजूक तूप सोडा. एका छोट्या चमच्यात सुमारे 45 कॅलरी आहेत आणि घासही सरकतो. अर्धा लिटर दुधात चार मोठे चमचे दूध पावडर गुठळ्या न होऊ देता मिसळून ठेवा. त्याच दुधात नाचणीचं सत्त्व, शेवयांची खीर, केळ्याचं शेक करा. अंडं चालत असेल तर एका अंड्यात साधारण 6 ग्रॅम प्रथिनं मिळतात. दुधात फेटून अगदी मऊ भुर्जी करा, मिरची-कांदा न घालता. पनीर कुस्करून वरणात वाटा. पोळी आवडत असेल तर ती दुधात किंवा वरणात भिजवून पूर्ण मऊ होऊ द्या.

तिखट, लिंबू, चिंच, कोकम, टोमॅटो, आंबट ताक, लोणचं यांनी आग होते. चिवडा, फरसाण, टोस्ट, भाकरीचा कडक पापुद्रा टोचतो. वाफाळता चहाही नको. तोंड बरं होत जाईल तसं एकेक परत आणायचं.

तीन मोठ्या जेवणांऐवजी दर दोन तासांनी थोडं थोडं. मोबाईलवर गजर लावा, म्हणजे "खा" असं फोन म्हणेल, तुम्हाला म्हणावं लागणार नाही! आणि आठवड्यातून एकदा, त्याच काट्यावर, त्याच वेळी वजन घेऊन लिहून ठेवा. 60 किलोच्या माणसाचं महिन्यात 3 किलो घटलं तर पुढच्या तपासणीची वाट न बघता दवाखान्यात कळवा.

"साखर आणि दूध बंद करा, त्याने कॅन्सर वाढतो" असा फॉरवर्ड तुमच्याही ग्रुपवर आला असेल. वजन घटत असलेल्या माणसाचं असं खाणं तोडलं तर नुकसानच होतं. कुठलाही काढा, भस्म किंवा पावडर सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा.

नळीला घाबरू नका

तोंडाने पुरेसं जात नसेल तर डॉक्टर नाकातून पोटात नळी घालायला सांगतात, किंवा पोटावर छोटं छिद्र करून पेग नावाची नळी बसवतात. इथे बरीच घरं कोसळतात. "नळी लागली म्हणजे संपलं." तसं नाहीये. मुख्य रस्त्याचं काम चालू असताना बाजूने काढलेला हा कच्चा रस्ता आहे. बहुतेकांच्या बाबतीत काम झालं की तो बंद होतो.

नळीने देताना माणूस बसलेला हवा, निदान डोक्याकडची बाजू चांगली उंच हवी, आणि नंतरही अर्धा ते एक तास आडवं होऊ द्यायचं नाही. अन्न गाळून द्यायचं, हात धुऊन द्यायचं, आधी आणि नंतर साधारण 30 ते 50 मिली पाणी सोडायचं म्हणजे नळी तुंबत नाही. नाकापाशी नळीवर असलेली खूण रोज बघा. ती सरकली असेल तर काहीही देऊ नका आणि स्वतः आत ढकलू नका, सरळ दवाखाना गाठा.

गिळणं हासुद्धा व्यायामच

नळी असली तरी डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तर घोट-घोट गिळत राहणं महत्त्वाचं आहे. गिळण्याचे स्नायू वापरले नाहीत तर ते कमजोर होतात आणि रेडिएशननंतर आखडतात. यासाठी गिळण्यावर काम करणारे थेरपिस्ट असतात, बहुतेक मोठ्या कॅन्सर रुग्णालयांत ते भेटतात. कुणी आपणहून सांगितलं नाही तरी तुम्ही विचारा.

आता ठसक्याबद्दल. खाताना वारंवार ठसका, खाल्ल्यावर आवाज ओला-घोगरा होणं, अधूनमधून ताप आणि छातीत कफ: अन्न श्वासनलिकेत जात असल्याची ही लक्षणं असू शकतात. काहींना तर ठसका न लागताही ते जातं. अशा वेळी "पाणी पी, पाणी पी" म्हणू नका. काहींना पातळ पाणीच सगळ्यात धोक्याचं असतं, दाट पदार्थ सोपा जातो. तपासणी करूनच ठरवायचं.

लगेच संपर्क साधायचा तो कधी? 100.4 फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप, दिवसभरात पाणीही न जाणं, लघवी कमी आणि गडद होणं, तोंडातून रक्त येणं. श्वास घेताना आवाज किंवा दम लागत असेल तर फोनवर वाट बघत बसू नका, थेट इमर्जन्सीत जा.

महिन्यांनंतरही लक्षात ठेवायच्या गोष्टी

एक, दात. लाळ कमी झाली की दात पटकन किडतात आणि रेडिएशन झालेल्या जबड्यात दात काढला तर हाड भरून येत नाही, असं होऊ शकतं. म्हणून गल्लीतल्या डेंटिस्टकडे जातानाही, दहा वर्षांनी गेलात तरी, आधी सांगा: "इथे रेडिएशन झालंय." दोन, थायरॉईड. मानेला रेडिएशन मिळालं असेल तर साधारण दर सहा ते बारा महिन्यांनी टीएसएच तपासतात. सतत थकवा येत असेल तर तो आळस नसेल, थायरॉईड असू शकतं. तीन, तंबाखू. बरं होताना पुन्हा पुडी सुरू झाली तर दुसऱ्या कॅन्सरचा धोका वाढतो. सोडायला मदत हवी असेल तर 1800-11-2356 हा मोफत क्रमांक आहे. आणि घरात तुम्हीही खात असाल, तर दोघांनी मिळून सोडा.

आणि तुमचं ताट?

बरेच जोडीदार रुग्णासमोर जेवायला लाजतात. ओट्याशी उभ्याने दोन घास, त्यात कुणी नवस म्हणून सोमवार-गुरुवारचे उपास धरलेले. मंडळी, नळीचं पाणी, औषधांच्या वेळा, रात्रीची जागरणं हे सगळं तुम्ही उपाशीपोटी किती दिवस ओढणार? कुणी "काही लागलं तर सांग" म्हणालं तर लगेच सांगा: बुधवारचा डबा पाठव, शनिवारी दोन तास त्याच्याजवळ बस.

एक छोटा बदल आजच करून बघा. "दोन चमचे तरी खा" याऐवजी विचारा, "आत्ता काय जाईल असं वाटतंय?" उत्तर "काहीच नाही" आलं तर ठीक आहे, वाटी झाकून ठेवा. अर्ध्या तासाने औषध, चुळा, मग पुन्हा विचारा. आणि तुमची वाटी घेऊन त्याच्या शेजारी बसा. तो तीन चमचे खाईल, तुम्ही पोटभर खा. आज एवढंच.

हा भाग अशा एखाद्या घरात पाठवा, जिथे आत्ता कुणीतरी वाटी घेऊन उभं असेल. तुमच्या घरातल्या माणसासाठी नेमकं काय योग्य, ते मात्र त्याच्या डॉक्टरांशी बोलूनच ठरवा. भेटूया पुढच्या भागात!