घर आणि शाळा (भाग ६) : ‘तुझी आई अशी का?’

ज्या मुलाची आई तृतीयपंथी आहे, किंवा ज्याला दोन आया वा दोन बाबा आहेत, त्याच्याविषयी या आठवड्यात. वाशीम जिल्ह्यात अशी मुलं कुठून असणार, असं कुणी म्हणेल. पण बहिणीचं पोरकं लेकरू एखाद्या तृतीयपंथी मावशीने वाढवणं ही काही मुंबईपुरती गोष्ट नाही. आणि घरच्यांच्या धाकाने बोहल्यावर चढलेले, पुढे बाप झालेले समलिंगी पुरुष आपल्या आसपासच आहेत.

मुंबईतल्या मालवणीच्या गौरी सावंत यांनी आईविना राहिलेली एक मुलगी वाढवली. २०१७ मध्ये विक्सच्या जाहिरातीत ही कहाणी मुलीच्या तोंडून आली. तिला डॉक्टर व्हायचं नाही, वकील व्हायचं आहे, कारण तिच्या आईला हक्क मिळालेले नाहीत. १५ एप्रिल २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांची ओळख मान्य केली. पण १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात समलिंगी जोडप्यांना विवाहाचा किंवा एकत्र दत्तक घेण्याचा हक्क मिळाला नाही. त्यामुळे दुसऱ्या आईचं नाव शाळेच्या कागदावर कुठेच येत नाही. मुलाला पहिला टोमणा बहुधा इथूनच बसतो.

अमेरिकेत नॅनेट गार्टरेल यांनी १९८६ पासून समलिंगी मातांच्या मुलांचा अभ्यास केला. मुलांची वाढ इतरांसारखीच निघाली. ज्यांना चिडवलं गेलं, त्यांना मात्र जास्त मानसिक त्रास झाला. ज्यांच्या शाळेत अशा कुटुंबांविषयी शिकवलं जायचं, आणि ज्यांच्या आया आपल्यासारख्या इतरांत मिसळायच्या, ती मुलं या घावातून बरीच सावरली.

म्हणून बाहेरच्याने सांगण्याआधी घरच्यांनी सांगावं, तेही शाळेत घालायच्या आधी. उत्तर घरीच बोलून बघावं : ‘हाव, ते माही माय हाय. मी तिले आईच म्हनतो.’ इतकं पुरे. उत्तर न देण्याचीही मुभा त्याला हवी. प्रत्येक चौकशीला खुलासा देणं हे लेकराचं काम नाही. बापाने स्वतःबद्दल गावात सांगितलं नसेल, तर मुलाला नुसतं ‘गप्प राहा’ म्हणू नये. ते ओझं फार जड होतं. आजीला माहीत आहे, अमुक बाईंना माहीत आहे, त्यांच्याशी बोल, असं नावानिशी सांगावं.

शिक्षकांकडून माझी अपेक्षा जास्त आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मुलाला मानसिक त्रास देण्यास मनाई केली आहे. वर्गातला ‘छक्का’ हा शब्द ऐकूनही जे शिक्षक फळ्याकडे वळतात, त्यांनी हे कलम वाचावं. चिडवणाऱ्याला तिथेच थांबवावं, पण ज्याला चिडवलं त्याला उभं करून सगळ्यांसमोर समजावू नये. शाळेतल्या सखी सावित्री समितीपुढे तक्रार नेता येते. प्रवेशअर्जातली वडिलांची जागा रिकामी दिसली, तर वर्गात मोठ्याने विचारू नका. जो पालक मुलाला सोडायला येतो, त्याला बाजूला घेऊन विचारा. आणि १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक वर्गाच्या भिंतीवर मुलांना वाचता येईल इतक्या खाली लावा.